सहीच्या पुढे

आपल्याकडे प्रौढ साक्षरतेची गोष्ट बहुतेक वेळा अंगठ्यापासून सुरू होते आणि सहीपाशी संपते. बँकेच्या फॉर्मवर, ग्रामसभेच्या हजेरीवर अंगठ्याऐवजी नाव उमटलं की कार्यकर्त्याला हायसं वाटतं, वर्तमानपत्रात चौकट येते आणि वर्ग उठतो. सहीला मी कमी लेखत नाही. बँकेच्या खिडकीशी जिच्यापुढे चारचौघांत शाईचा पॅड सरकवला गेला आहे, तिलाच सहीची किंमत विचारावी. पण सही म्हणजे शेवटी दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुराला आपण दिलेली मान्यता. वरचा मजकूर कुणी लिहिला, हे आपण फारसं विचारत नाही. साक्षरता वर्गांच्या स्वयंसेवकांसाठीची ही हस्तपुस्तिका तेवढंच विचारते, आणि उत्तरासाठी मोबाइल हातात घेते.

महाराष्ट्राला या कामाची परंपरा जुनी आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली होती. सातारा जिल्ह्यात १९५९ मध्ये ग्रामशिक्षण मोहीम उभी राहिली. गाव साक्षर झालं की तिथे ग्रामगौरव समारंभ व्हायचा. १९८८ च्या मे महिन्यात राष्ट्रीय साक्षरता मिशन आलं, पाठोपाठ संपूर्ण साक्षरता अभियानाच्या कलापथकांनी जिल्हेच्या जिल्हे दणाणून सोडले. २००९ मध्ये साक्षर भारत, आणि आता २०२२ ते २०२७ असा पाच वर्षांचा नवभारत साक्षरता कार्यक्रम, ज्याला सगळे ‘उल्लास’ म्हणून ओळखतात. नावं बदलली, वाचनपाठ बदलले, पगारी प्रेरकांच्या जागी स्वयंसेवक आले. लिहिण्याविषयीची कल्पना मात्र जिथल्या तिथेच आहे. ‘उल्लास’च्या परीक्षेला १५० गुण असतात, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५०. त्या लेखनाच्या पन्नास गुणांची तयारी म्हणून वर्गात काय चालतं, ते कुणीही जाऊन पाहावं. फळ्यावरचं वहीत उतरवणं, नाहीतर गुरुजी सांगतील ते लिहिणं. अनुलेखन आणि श्रुतलेखन. दोन्हींत शब्द दुसऱ्याचे असतात.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२.३४ टक्के आहे आणि स्त्रियांची ७५.८७. म्हणजे सात वर्षांवरच्या चार बायकांमागे साधारण एक तेव्हा अक्षराबाहेर होती. जनगणनेची साक्षरतेची व्याख्याही उदार आहे: कुठल्याही एका भाषेत समजून लिहिता-वाचता आलं की झालं. त्या ‘लिहिता’ शब्दाखाली काय काय खपून जातं, ते या क्षेत्रातल्या प्रत्येकाला माहीत आहे. वर्ग संपल्यावर वर्षा-दोन वर्षांत अक्षरं पुसट होतात, याचीही सगळ्यांना कल्पना आहे. लिहायला काही कारणच उरलं नाही तर अक्षरं टिकावीत कशी? पन्नाशीच्या माणसाला ‘कमल नमन कर’ लिहून कुणाला काय कळवायचं असतं?

या प्रश्नाला पुस्तिकेचं उत्तर आहे सहलेखन, म्हणजे चार-सहा जणांनी मिळून, स्वतःच्या गरजेचा, स्वतःच्या शब्दांतला एक मजकूर तयार करणं. अर्ज, बचत गटाच्या सभेचं इतिवृत्त, गावच्या देवीची माहिती, पाककृती, परगावी गेलेल्या मुलाला पत्र, काहीही. एकट्याने कोरा कागद समोर घेतला की नवशिक्याचा हात थिजतो. शिकल्यासवरल्यांचाही थिजतो, हे मासिकांच्या संपादकांना विचारा. चौघी बसल्या की एकीला सुरुवात सुचते, दुसरीला अडलेला शब्द आठवतो, तिसरीला जोडाक्षर येतं, आणि चौथी म्हणते, असं नव्हतं झालं, नीट सांगा. ही चौथी फार महत्त्वाची. तिला एक अक्षर येत नसलं तरी ती संपादक असते.

ही रीत कुणी संगणकवाल्याने शोधलेली नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्यांची गाणी मुलगा सोपानदेव आणि घरच्या माणसांनी वहीत उतरवून घेतली, म्हणून १९५२ साली ती पुस्तकरूपाने आपल्या हाती आली. जात्यावरच्या ओव्यांचं तर एका बाईचं असं काही नसतंच. एकीने ओळ टाकायची, दुसरीने उचलायची. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ यांनी खेडोपाडी फिरून अशा लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आणि त्यातल्या कितीतरी टेपवर ध्वनिमुद्रित झाल्या. बोल एकीचे आणि लेखणी दुसऱ्याची, ही वाटणी मराठीला नवी नाही. नवी गोष्ट एवढीच, की लेखणीही तिच्याच हाती देता येईल अशी सोय आता झाली आहे.

युरोपातली एक साखळी इथे सांगायला हवी, कारण या पुस्तिकेतल्या पद्धतीचा सांगाडा तिथून आला आहे. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जखम झालेला सेलेस्तँ फ्रेने हा फ्रेंच शिक्षक फार वेळ बोलू शकत नसे. १९२० च्या दशकात दक्षिण फ्रान्समधल्या बार-सुर-लूच्या शाळेत त्याने एक छोटं छापयंत्र आणलं. मुलं आपल्या रोजच्या गोष्टी सांगत, सगळे मिळून मजकूर ठरवत, मुलंच खिळे जुळवत आणि छापलेलं पान दूरच्या शाळेला पाठवत. इटलीतला शिक्षक मारिओ लोदी याच विचाराचा. तो १९६३ मध्ये तोस्कानाच्या डोंगरातल्या बार्बियाना नावाच्या वाडीत लोरेंझो मिलानी या पाद्रीची शाळा पाहायला गेला. त्या भेटीतून तिथे सामूहिक लेखन सुरू झालं, आणि १९६७ मध्ये शेतकऱ्यांच्या, शाळेने नापास करून घरी बसवलेल्या आठ मुलांनी मिळून शिक्षिकेला लिहिलेलं एक प्रदीर्घ पत्र पुस्तकरूपात आलं. मराठी वाचक ते ‘प्रिय बाई’ या नावाने ओळखतात.

त्या मुलांची कामाची पद्धत अगदी साधी होती. प्रत्येकाच्या खिशात कोऱ्या चिठ्ठ्या. सुचेल ते एका चिठ्ठीवर एकच, असं टिपायचं. मग एक दिवस सगळ्या चिठ्ठ्या मोठ्या टेबलावर पसरायच्या. सारख्या निघाल्या त्या बाजूला, एका विषयाच्या एका ढिगात, ढिगांचे परिच्छेद. शेवटी प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचून, त्यातला कुठला शब्द काढला तरी चालेल, यावर वाद. बाहेरचा माणूस बोलावून त्याला वाचून दाखवायचं. त्याला कळलं नाही ते पुन्हा लिहायचं. आज व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर आलेले आवाजी निरोप आणि एका लिंकवर सगळ्यांना उघडणारा गुगल डॉक यांच्या जोरावर आपण करतो ते हेच. चिठ्ठ्यांच्या जागी निरोप आले आणि टेबलाच्या जागी पडदा. मिलानींचा वाद घालण्याचा भाग मात्र कुठल्याही अ‍ॅपमध्ये मिळत नाही; तो आपल्यालाच आणावा लागतो.

पाउलो फ्रेइरेचं नाव या क्षेत्रात इतक्यांदा घेतलं जातं, की मी थोडक्यात आवरतो. १९६३ मध्ये ईशान्य ब्राझीलमधल्या आंजिकोस गावात त्याने सुमारे तीनशे मजुरांना चाळीसेक तासांत लिहा-वाचायला शिकवलं, तेव्हा त्याच्या वर्गात स्लाइड प्रोजेक्टर होता. चित्र भिंतीवर पडे, सगळे मिळून त्यावर बोलत आणि मग त्या बोलण्यातला शब्द फळ्यावर येई. यंत्र सगळ्यांसमोर एक होतं. प्रत्येकाच्या हातात एकेक पडदा देऊन मान खाली घालायला लावणाऱ्या आजच्या ‘डिजिटल वर्गां’नी यातून काही घ्यायला हरकत नाही.

आपल्या देशातलं उदाहरण बुंदेलखंडाचं. उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात महिला समाख्या या कार्यक्रमाच्या कामात दलित आणि गरीब घरच्या बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. पंपाची नोंद ठेवायची तर अक्षर हवं, म्हणून साक्षरतेची शिबिरं आली. शिकलेलं विसरू नये म्हणून त्यांनी ‘महिला डाकिया’ नावाचं हाताने सजवलेलं पत्रक काढलं. मजकूर त्यांचा, चित्रं त्यांची, बोली त्यांची. ते बंद पडल्यावर २००२ मध्ये चित्रकूटहून ‘खबर लहरिया’ हे बुंदेली वार्तापत्र निघालं. ‘निरंतर’ या संस्थेचं पाठबळ होतं, पण बातमी आणणाऱ्या, लिहिणाऱ्या आणि गावोगाव अंक विकणाऱ्या त्याच बायका. २००९ मध्ये युनेस्कोने साक्षरतेचं किंग सेजाँग पारितोषिक त्यांना दिलं. पुढे छापील अंक थांबला आणि काम मोबाइलवरच्या व्हिडिओकडे गेलं. त्यावरचा ‘रायटिंग विथ फायर’ हा माहितीपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचला, तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांनाही ही नावं कळली. मला यातला पुरस्कारांपेक्षा पहिला टप्पा मोलाचा वाटतो. पाणी येत नसलेल्या पंपाची नोंद ही खरी गरज होती, आणि लिहिणं त्या गरजेच्या मागून आलं.

मराठीत हे इतकी वर्षं का झालं नाही, याचं एक कारण अगदी कोरडं, तांत्रिक आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी संगणकावर मराठी लिहिणाऱ्यांना आठवत असेल: श्रीलिपीत केलेली फाइल आकृतीवाल्याकडे गेली की पानभर चिन्हांचा चिवडा. ज्याच्याकडे फाँट त्याचंच मराठी. अशा काळात चार जणांनी चार ठिकाणांहून एका मजकुरावर काम करणं शक्यच नव्हतं. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण घराघरांतल्या संगणकांवर ती विंडोज २००० नंतर रुजली आणि फोनवर त्याहून उशिरा. आज सातारच्या फोनवरचं वाक्य सुरतेतल्या फोनवर जसंच्या तसं दिसतं. ही गोष्ट आपण इतकी गृहीत धरली आहे, की सहलेखनाचं सारं घर तिच्यावर उभं आहे हे लक्षातही येत नाही.

कळफलकाचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. शहरातला बहुतेक माणूस फोनवर मराठी लिहितो ते रोमन अक्षरांतून. ‘मी येतो’ हवं असेल तर इंग्रजी कळा दाबायच्या आणि फोनने मराठी करून द्यायचं. जिला आत्ता कुठे देवनागरी येऊ लागली आहे, तिच्यासाठी ही वाट बंद. तरीही कित्येक स्वयंसेवक सवयीने तिच्या फोनवर तोच कळफलक चालू करून देतात. तिला थेट देवनागरी कळफलक द्या. मुंबईच्या आयआयटीतल्या औद्योगिक रचना केंद्राने केलेला ‘स्वरचक्र’ कळफलक तर या कामाला चपखल आहे: अक्षर बोटाने दाबून धरलं की त्याभोवती का, कि, की, कु असं बाराखडीचं चक्र उमटतं आणि हवं तिकडे बोट सरकवायचं. जिने पाटीवर बाराखडी घोकली तिला ते सांगावंच लागत नाही.

साधा कळफलक असेल तर पहिल्याच दिवशी काय होतं, ते सांगतो. ‘किती’ लिहायचं. वहीत बऱ्याच जणी पहिली वेलांटी आधी काढतात आणि मग क, कारण डोळ्यांना ती आधी दिसते. फोनवर त्या तसंच करतात. आधी वेलांटी दाबली, की तिच्या पोटात ठिपक्या-ठिपक्यांचं एक वर्तुळ उमटतं. एका वर्गात एक आजी म्हणाल्या, “हे काय, कुंकू लावायला जागा सोडलीय का?” मग समजावावं लागतं: फोनला तोंडाचा क्रम कळतो, डोळ्यांचा नाही. तोंडाने आधी क येतो, इ मागून. हे एकदा बसलं की रफारही बसतो. ‘सूर्य’मधला र कागदावर सगळ्यांत शेवटी, वर काढला जातो; फोनवर मात्र तो य च्या आधी, पाय मोडून द्यावा लागतो. जे ध्वनीचं गणित शिक्षक फळ्यावर महिनाभर सांगत राहतात, ते कळ दाबताच चूक-बरोबर होऊन समोर दिसतं. आणि चुकलं तर खोडरबराचा काळा डाग पडत नाही. प्रौढ माणसाला त्या डागाची फार लाज वाटते. वहीतली खाडाखोड नातवाने पाहू नये म्हणून पान फाडणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. फोनवर त्याच बाया सात वेळा खोडून आठव्यांदा लिहितात.

बोलून लिहिण्याची सोय गुगलने ऑगस्ट २०१७ मध्ये मराठीला दिली. साक्षरतेच्या वर्गात तिचं स्वागत दोन्ही हातांनी करावं, पण डोळे उघडे ठेवून. फायदा उघड आहे. आपण बोललो ते समोर अक्षरात उमटतं, आणि आपलंच वाक्य असल्याने ते वाचताही येतं. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवताना सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर हेच करत होती: मुलाच्या मनातला शब्द त्याच्याकडून काढायचा, पुठ्ठ्यावर लिहून त्याच्याच हातात द्यायचा. तिचं ‘टीचर’ हे पुस्तक १९६३ चं. आता पुठ्ठ्याचं काम फोन करतो. तोटा असा, की या सोयीने लिहिण्याला बगल देता येते. म्हणून पुस्तिकेत एक नियम घातला आहे, तो मला पूर्ण पटतो: बोलून उमटलेल्या मजकुरातली निदान आपली एक ओळ प्रत्येकीने वहीत हाताने उतरवायची. फोनमुळे अक्षर बिघडेल अशी ओरड जे करतात, त्यांच्यासाठीही हेच उत्तर. वही आणि फोन यांच्यात भांडण लावायची गरज नाही.

दुसरा तोटा बोलीचा. यंत्राला पुस्तकी मराठी येते. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोललं की ते गोंधळतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे गुपचूप सुधारून टाकतं. कोल्हापूरकडच्या एका वर्गातला प्रसंग इथे जरा सविस्तर देतो. संध्याकाळची एसटी गावात न येता फाट्यावरूनच वळत होती, म्हणून बचत गटातल्या बायकांनी आगारप्रमुखांना अर्ज लिहायला घेतला. आधी प्रत्येकीने आपलं म्हणणं फोनवर बोलून ठेवलं. मग सगळ्या मिळून ऐकायला बसल्या. एकीचं वाक्य होतं, “पोरी कालेजातनं येत्यात, त्यास्नी फाट्यावर उतरवून गाडी माघारी जाती.” फोनवर बोलून लिहिताना त्याचं झालं, “पोरी कॉलेजातून येतात, त्यांना फाट्यावर उतरवून गाडी माघारी जाते.” वर्गाची स्वयंसेविका बीए झालेली, गावचीच सून. तिने सवयीने आणखी एक रूप सुचवलं: “सदर बस गावात न आल्याने विद्यार्थिनींची गैरसोय होत आहे.”

तीन वाक्यं एकाखाली एक पडद्यावर आली आणि वादाला तोंड फुटलं. एकीला शेवटचं आवडलं, कारण साहेबाला साहेबासारखंच लिहावं. दुसरी म्हणाली, त्यात फाटा कुठाय, अंधार कुठाय, पोरी कुठायत? “गैरसोय तर काय सगळ्यांचीच होती.” जिचं वाक्य होतं ती गप्प होती. शेवटी तिला विचारलं तर म्हणाली, “जाती नको, जाते करा, पण माघारीच ठेवा. माघारी म्हटलं की त्याला कळंल.” अर्जाची सुरुवात ‘महोदय’ने झाली, शेवट ‘आपल्या विश्वासू’ने झाला, मधली चार वाक्यं बायकांची राहिली. खाली सगळ्यांच्या सह्या, आणि या खेपेला सहीच्या वरचा मजकूरही त्यांचाच.

बोलीचा कैवार घेणाऱ्या आम्हा शिकलेल्या लोकांना या प्रसंगाने थोडं जमिनीवर आणावं. शिकणाऱ्या माणसाला प्रमाण भाषा हवी असते. ती मिळाली नाही म्हणून तर कचेरीत त्याला कुणी विचारलं नाही. ‘जाती’चं ‘जाते’ करण्याचा हक्क त्या बाईचा आहे. तो यंत्राने परस्पर वापरायचा नाही आणि स्वयंसेविकेनेही नाही. पुस्तिकेतला सगळ्यांत कडक नियम याच्यासाठी आहे: जिची ओळ, तिनेच खोडायची. इतरांनी हवं ते सुचवावं, वाद घालावा, पर्याय खाली लिहावा. बोट मात्र तिचं. सामायिक दस्तऐवजात मागचे बदल उघडून पाहण्याची सोय असते. वर्ग संपल्यावर स्वयंसेवकाने एकट्याने बसून ती जरूर उघडावी. आपण न सांगता किती शब्द बदलले ते तारीख-वेळेसह दिसतं. मार्गदर्शकाच्या मूल्यमापनाला याहून बरं साधन माझ्या तरी पाहण्यात नाही.

हीच कसोटी नव्या यंत्रांना लावावी. २०२२ च्या अखेरीपासून असे कार्यक्रम सर्वांच्या हाती आले आहेत, की विषय सांगितला तर क्षणात अख्खा अर्ज तयार. मराठीतही. दवाखान्याच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला तातडीने अर्ज हवा असेल, तर त्याने तो खुशाल यंत्राकडून करून घ्यावा. पूर्वी तो कचेरीबाहेरच्या अर्जनविसाला पैसे देऊन करून घेतच होता. पण वर्गात ते चालू केलं, की आपण पुन्हा अंगठ्यापाशी आलो. सुंदर मजकूर वर, खाली आपली सही, मधल्या एकाही शब्दावर आपला हात नाही. यंत्राला प्रश्न विचारायला लावा, शंका काढायला लावा, लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवायला लावा. पहिला मसुदा त्याला देऊ नका.

व्यवहाराच्या गोष्टींना पुस्तिकेत स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून इथे फक्त दोन सांगतो. एक, फोन कुणाचा? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशात स्वतः वापरण्याजोगा मोबाइल असलेल्या स्त्रिया सुमारे ५४ टक्के. म्हणजे वर्गातल्या जवळजवळ निम्म्या जणींचा फोन नवऱ्याचा नाहीतर मुलाचा असणार, आणि तो संध्याकाळी घरी येईपर्यंत रिकामा नसणार. ‘प्रत्येकीने आपापल्या फोनवर उघडा’ या वाक्याने वर्गाचे दोन तुकडे पडतात. तीन-चार जणींत एक फोन, बोटं आळीपाळीने, हीच पद्धत ठेवा. ज्यांच्याकडे स्वतःचा फोन आहे त्यांच्यासाठीही. सहलेखनाला तीच सोयीची.

दोन, वाचणार कोण? बायका मोकळेपणाने बोलू लागल्या की दारू, कर्ज, सासरची मारहाण असं सगळं येतं. तो मजकूर घरच्या फोनवर पडून राहिला तर रात्री कुणाच्या डोळ्यांपुढे जाईल, याचा विचार आधी करायला हवा. दस्तऐवजाची लिंक ‘ज्याच्याकडे लिंक आहे त्याला उघडेल’ अशी ठेवली, तर ती गावच्या गटात फिरायला एक बोट पुरतं. काय लिहायचं, काय फक्त बोलून सोडून द्यायचं, कुणाचं नाव घालायचं, हे वर्गानेच ठरवावं. कार्यकर्त्यांना हृदयद्रावक कथा जमवण्याची हौस असते. ती त्यांनी आवरावी.

एका वर्गाची मात्र मला खास उत्सुकता आहे. बीडकडच्या वाड्यावस्त्यांत दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला माणसं निघतात आणि उन्हाळ्यातच परततात. एवढे महिने वर्ग ओस, आणि परतल्यावर पुन्हा ‘अ’पासून. टोळ्या वेगवेगळ्या कारखान्यांवर, पण फोन बहुतेक कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, एखादा असतोच. तोडीवरचा हिशेब, मुकादमाकडून घेतलेली उचल, टनामागची मजुरी, मुलांच्या शाळेचं काय केलं, हे सगळं एकाच दस्तऐवजात, वेगवेगळ्या फडांवरून लिहिलं गेलं तर वर्ग मोडणार नाही. शिवाय उचल किती आणि फिटली किती याची बायकांच्या हातची नोंदही तयार होईल. ती मुकादमाला फारशी आवडणार नाही, हे गृहीत धरा. पुस्तिकेच्या शेवटच्या प्रकरणात या हंगामी वर्गाचा आराखडा आहे, आणि माझ्या मते सबंध पुस्तिकेतलं सगळ्यांत धाडसी पान तेच.

पुस्तिकेत उणिवा आहेत. अपंग आणि दृष्टिहीन शिकणाऱ्यांसाठी तिच्यात फारच थोडं आहे, आणि पुरुषांचे वर्ग कसे भरवायचे यावर जवळजवळ काहीच नाही. साक्षरतेच्या कामात पुरुष येत नाहीत ही तक्रार जुनी. ते का येत नाहीत याचा कुणी धड शोध घेतलेला नाही, या पुस्तिकेनेही नाही. पुढच्या आवृत्तीत तो घ्यावा.

स्वयंसेवक मित्रांनो, तुमच्या वर्गाची परीक्षा झाली, प्रमाणपत्रं वाटली गेली, की त्याच आठवड्यात वर्ग एकदा पुन्हा बोलवा. गावात कुणाला काय लिहून हवंय ते विचारा. कुणाला तरी नक्कीच काहीतरी हवं असतं. मग फोन त्यांच्या हातात द्या आणि तुम्ही थोडं मागे सरकून बसा.